पाण्याचा पत्ता

[दृश्य: तळघराची भिंत, अगदी जवळून. नखाने रंगाचा फुगा फोडला जातो.]

फुगा फुटला, पण पाणी आलं नाही. आली ती भुकटी. पांढरी, कापसासारखी हलकी. तिच्यामागचा गिलावा बोट लावताच वाळूसारखा गळतोय.

आता खाली पडलेला हा पापुद्रा उलटा करून बघा. वरचा थर फिकट पिवळा. त्याखाली पोपटी. त्याखाली निळा, आणि सगळ्यात आत चुना. चार थर, म्हणजे ही भिंत आजवर चार वेळा 'दुरुस्त' झाली. पाणी मात्र जिथून येत होतं, तिथून चारही वेळा येतच राहिलं.

या संपूर्ण चित्रफितीत रंगाचा डबा एकदाही उघडलेला दिसणार नाही.

[दृश्य: ट्रेमध्ये निळ्या शाईचं पाणी. त्यात उभी कोरडी वीट. वेगवान चित्रण.]

ट्रेमध्ये जेमतेम दोन बोटं पाणी आहे. कुणी ढकलत नाही, कुणी ओतत नाही, तरी निळी रेघ विटेच्या अंगावर चढत चाललीय. चित्रण काही तासांचं आहे, तुम्ही ते अर्ध्या मिनिटात बघताय.

भाजलेली वीट, गिलावा, काँक्रीट या सगळ्यांच्या पोटात केसाहून बारीक वाटा असतात. वाट जितकी अरुंद, तितकं पाणी उंच चढतं. जेम्स ज्युरिन या इंग्रज वैद्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला याचा हिशेब मांडला. 1 मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत पाणी साधारण 15 मिलिमीटर चढतं. नळी दहापट बारीक घेतली, की दहापट उंच. या हिशेबाने बघितलं तर विटेच्या भिंतीत पाणी थेट वरच्या मजल्यापर्यंत जायला हवं.

जात नाही, कारण भिंत वाळतही असते. खालून पाणी येतं, पृष्ठभागावरून उडून जातं, आणि दोन्हींचा मेळ बसतो तिथे ओल थांबते. बहुतेक घरांत ही रेघ जमिनीपासून मीटरभराच्या आसपास दिसते.

[दृश्य: भिंतीवरची लाटेसारखी तपकिरी रेघ. कॅमेरा तिच्या बाजूने सरकतो.]

पाणी उडून जातं. मातीतून आणि विटेतून त्याने सोबत आणलेले क्षार मात्र इथेच राहतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. क्षारांचे स्फटिक रंगाच्या मागे वाढतात, आणि सगळ्यात आधी फुटतो तो रंग, मग गिलावा. मघाची भुकटी ती हीच.

आता अशा भिंतीवर घट्ट, चकचकीत, पाण्याला अजिबात वाट न देणारा रंग दिला, किंवा खालच्या अर्ध्या भागात टाइल्स बसवल्या, तर? वाळण्याची जागा गेली. पाणी थांबत नाही, ते आणखी वर चढून टाइल्सच्या डोक्यावर नवी रेघ काढतं. पुढचं दृश्य तेच आहे, त्यावर बोलायची गरज नाही.

[दृश्य: टाइल्सच्या वरच्या कडेला फुगलेला गिलावा. दहा सेकंद निवेदन नाही.]

यावरचा विचार फार जुना आहे. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने इसवी सनाच्या आधीच्या शतकात ओलसर भिंतींवर लिहून ठेवलंय. जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत वाळूऐवजी विटेची भुकटी घातलेला गिलावा करा. भिंत सगळीच ओली असेल तर आतून थोडं अंतर सोडून दुसरी पातळ भिंत उभी करा, मधल्या पोकळीत तळाशी पाण्याला पन्हळ ठेवा आणि हवेला बाहेर जायला तोंडं ठेवा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने भिंत रंगवून टाका असं म्हटलेलं नाही.

आजच्या घरांत चौथऱ्याच्या उंचीवर ओल अडवणारा आडवा थर घालतात. गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. पण थर असूनही ओल वर येते. का, ते या शॉटमध्ये आहे. बाहेरची फरशी बघा. जुन्या फरशीवर नवी, तिच्यावर आणखी एक. जमीन वर वर आली आणि तो थर तिच्याखाली गेला. पाणी त्याला वळसा घालून आत.

तळघराला तर ही सोयच नाही. त्याची भिंत मुळातच मातीत उभी आहे.

[दृश्य: ॲल्युमिनियम फॉइलचा हातभर चौकोन. चारही कडा टेपने भिंतीवर चिकटवल्या जातात. घड्याळ.]

स्वयंपाकघरातली फॉइल आणि चिकटपट्टी. पुसून कोरड्या केलेल्या भिंतीवर चौकोन चारही बाजूंनी बंद करायचा आणि दोन दिवस हात लावायचा नाही.

आपण तळघरात दोन ठिकाणी असे चौकोन लावले होते. पहिला उघडताना बघा. समोरची बाजू कोरडी, मागची ओली. पाणी भिंतीतून येतंय. आणि हा दुसरा, पलीकडच्या भिंतीवरचा. याच्या समोरच्या बाजूवरच थेंब आहेत, मागे काही नाही. इथे पाणी भिंतीतून आलेलंच नाही. ते खोलीतल्या हवेतून आलंय.

एकच तळघर आणि दोन वेगळे आजार. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर पैसे जातील, ओल राहील.

हवेतून म्हणजे कसं? 30 अंश सेल्सिअसची हवा दर घनमीटरमागे साधारण 30 ग्रॅम बाष्प धरू शकते. 20 अंशांची हवा 17 ग्रॅम. बाहेर 30 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल, तर हवेत 21 ग्रॅम पाणी आहे. ती हवा तळघरात उतरली आणि 20 अंशांच्या भिंतीला टेकली. 17 मावले, उरलेले 4 भिंतीवर. गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम फुटतो तसाच हा प्रकार.

आणि जमीन थोडी खोल गेलं की गारच असते, वरच्या उन्हाचा तिला फारसा पत्ता नसतो. त्यामुळे कोंदट वाटतंय म्हणून दमट दिवसांत तळघराची खिडकी उघडणारा माणूस पाणीच आत बोलावत असतो. हे पटायला जड जातं. आमच्या चमूतही पटलं नव्हतं. ही खिडकी लक्षात ठेवा.

[दृश्य: पाऊस. छताचा नळ भिंतीच्या पायाशीच रिकामा होतोय.]

ओल्या भिंतीचं मूळ शोधायला आपण बाहेर आलो, तर ते डोळ्यांसमोर होतं. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. छत 100 चौरस मीटरचं धरा, पाऊस 25 मिलिमीटर. झाले अडीच हजार लिटर. आणि ते सगळं या एका नळातून तळघराच्या भिंतीच्या पायाशी.

पहिलं काम खोदकामाचं नव्हतंच. नळाला पुढे पाइप जोडून पाणी भिंतीपासून लांब नेलं. मग जमिनीला ढाळ दिला, भिंतीपासून 3 मीटर अंतरात 15 सेंटिमीटर उतार. बऱ्याच घरांत एवढ्यावरही भागतं. इथे भागलं नाही.

[दृश्य: भिंतीलगतचा खोल चर. बाजूंना फळ्या आणि टेकू. कामगार भिंत खरवडतोय.]

कडेच्या फळ्यांकडे लक्ष द्या. माती कोसळू नये म्हणून त्या आहेत. अशा खोल चरात आधाराशिवाय कुणीही उतरायचं नसतं, घाई कितीही असो.

इतकं खोदायचं कशासाठी, आतूनच लेप का नाही? कारण साचलेलं पाणी ढकलतं. पाण्याची 1 मीटर उंची म्हणजे तळाशी दर चौरस मीटरवर जवळपास 1 टन जोर. 2 मीटरला 2 टन. बाहेरून लावलेला लेप हा जोर भिंतीवर दाबून धरतो. आतून लावलेल्याला तोच जोर सोलून काढतो. आतून लावायचे खास लेपही मिळतात आणि जिथे बाहेर खोदायला जागाच नाही तिथे तेच वापरावे लागतात, पण त्यांची पकड घट्ट हवी आणि खालची भिंत धड हवी. लोणा लागलेल्या गिलाव्यावर काहीच टिकत नाही.

भिंत घासली, भेगा भरल्या, लेप झाला. आता तळाशी हा छिद्रांचा पाइप. तो तळघराच्या जमिनीच्या पातळीखाली बसतो, आणि छिद्रं खालच्या बाजूला ठेवतात, वर नाही. पाणी साचत खालून वर येतं, ते पाइपात शिरून वाहून जायला हवं. भोवती खडी, खडीभोवती गाळ अडवणारं कापड. शेवटी पाइप सखल जागी मोकळा होतो. उतार मिळत नसेल तर खड्ड्यात, आणि खड्ड्यात पंप.

हे काम कॅमेऱ्यासमोर तीन दिवस चाललं. खडी पडते तो आवाज मुद्दाम ठेवलाय.

[दृश्य: वरच्या मजल्यावरचं बाथरूम. खालच्या खोलीच्या छतावर तपकिरी डाग.]

खाली डाग, वर बाथरूम. पहिली इच्छा होते हातोडा उचलायची. त्याआधीचे तीन दिवस बघायला कंटाळवाणे आहेत, म्हणून भरभर दाखवतो, पण सगळ्यात उपयोगाचे तेच आहेत.

सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपला. दोन तासांनी पुन्हा पाहिला, तोच होता. म्हणजे नळांना पाणी आणणारे दाबाचे पाइप निर्दोष. फ्लशच्या टाकीत शाई टाकली, अर्धा तास थांबलो, भांड्यात रंग उतरला नाही. मग एक दिवस फक्त जाळीतून थेट नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडात, बादल्या ओतल्या, जमीन कोरडी ठेवून. डाग तसाच. दुसऱ्या दिवशी ट्रॅपचं तोंड बंद करून फक्त जमिनीवर पाणी ठेवलं. संध्याकाळी डागाची कड ओली झाली.

आता हातोडा.

[दृश्य: टाइल्स उखडल्या जातात. खालची वाळू काळी, ओलीचिंब.]

टाइलमधून पाणी जात नाही, हे खरं. टाइल्सच्या सांध्यांतून जातं. सिमेंटचं ग्राउट कितीही नीट भरलं तरी ते पाणी पितं. बाथरूम कोरडं ठेवणारा थर टाइलच्या खाली असतो, आणि तो दिसत नाही म्हणून त्यातच काटकसर होते. इथे तो थर होता. मधोमध शाबूत होता. गेला होता तो कोपऱ्यात, पाइप जमिनीतून वर येतो तिथे, आणि ट्रॅपच्या गळ्याशी. अशी कामं जवळपास नेहमी याच तीन ठिकाणी फसतात.

मिस्त्रींचा हात बघा. जमीन आणि भिंत मिळते तिथे काटकोन ठेवलेला नाही, गोलसर वाटा मारलाय, कारण काटकोनात लेप दुमडतो आणि तिथेच चिरतो. वाट्यावर जाळीची पट्टी. मग लेपाचा पहिला हात आडवा. तो वाळल्यावर दुसरा उभा. लेप भिंतीवर चढतो, आणि शॉवर आहे तिथे डोक्याच्या वर जातो. ट्रॅपपाशी तो कडेला थांबत नाही, आत उतरतो. ढाळ मीटरला 2 सेंटिमीटर.

[दृश्य: बंद केलेला ट्रॅप. बाथरूममध्ये साचवलेलं पाणी. भिंतीवर पेन्सिलची खूण. बाजूला पाण्याची बादली, तिच्यावरही खूण.]

टाइल लावण्याआधी पाणी भरून 24 तास ठेवलं. शेजारची बादली कशाला, असं आम्हीही विचारलं. हवेनेही पाणी थोडं उडतं. बादलीत जितकं उतरलं तितकंच जमिनीवर उतरलं असेल तर काळजी नाही, जास्त उतरलं तर गळती आहे. दुसऱ्या दिवशीच्या दोन्ही खुणा तुमच्यासमोर आहेत. खालचं छतही दाखवतो.

[दृश्य: खालचं छत. जुन्या डागाची कोरडी कड.]

[दृश्य: आरशावरची वाफ. पंख्याच्या जाळीला धरलेला पातळ कागद खाली गळून पडतो.]

उरली वाफ. 2 मीटर लांब, 2 मीटर रुंद, अडीच मीटर उंच बाथरूममध्ये 10 घनमीटर हवा असते. 25 अंशांना, 60 टक्के आर्द्रता असताना, ती पूर्ण भरायला 100 ग्रॅम पाणीही लागत नाही. पुढचं सगळं आरशावर, छतावर, कोपऱ्यात. पंखा होता, फिरतही होता, पण कागद धरून ठेवायचा जोर त्याला नव्हता. दारही खालून पूर्ण बंद. आत हवा येणारच नसेल तर पंखा बाहेर काय टाकणार? दाराखाली दोन बोटं फट ठेवली आणि कागद जाळीला चिकटला. अंघोळीनंतर पंखा निदान वीस मिनिटं चालू राहू द्या.

[दृश्य: छताच्या कोपऱ्यातली काळी बुरशी. उघडी पडलेली गंजकी सळई.]

ओल राहिली की बुरशी येते आणि दमेकऱ्यांना त्रास होतो. सळई गंजली की दुपटीहून अधिक फुगते आणि काँक्रीट फोडते. बुरशी धुताना ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

[दृश्य: तळघर, काही आठवड्यांनी. गिलावा काढलेली उघडी भिंत.]

भिंत अजून तशीच ठेवलीय. जाड भिंत वाळायला दर 25 मिलिमीटर जाडीमागे साधारण महिना धरतात. ही 23 सेंटिमीटरची आहे, म्हणजे नऊ महिने. मधल्या काळात तीन वेळा जोराचा पाऊस झाला.

पहिल्या जागीच नवी फॉइल लावली होती. उघडूया. मागची बाजू कोरडी. बोट फिरवून दाखवतो, कोरडीच.

समोर मात्र बारीक थेंब आहेत. कॅमेरा वळवा जरा. खिडकी उघडी आहे, हवा खेळती राहावी म्हणून सकाळी कुणीतरी उघडली.

[दृश्य: हात पुढे येतो. खिडकी बंद होते.]