बोटीच्या बुडाला कुठला रंग लावायचा? गरम पाण्यातलं अँटीफाउलिंग

आत्ता जे दिसतंय ते एका बोटीचं बूड आहे, पाण्याखालून आणि अगदी जवळून शूट केलेलं. त्या हिरवट बुळबुळीत थरावर नीट बघा, काहीतरी चालतंय. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा जीव, बार्नेकल नावाच्या कवचाच्या समुद्री प्राण्याची अळी. पुढच्या दोन मिशांनी ती पृष्ठभाग चाचपतेय, दोन पावलं जाते, थांबते, परत वळते. या अवस्थेत ती काही खात नाही, तिला फक्त बसायला जागा शोधायचीय. जागा पसंत पडली की डोक्याच्या बाजूनं एक जबरदस्त गोंद सोडते आणि तिथेच कायमची चिकटते, वर कवच चढवते, आणि मग उरलेलं आयुष्य पायांनी पाण्यातलं अन्न ओढत काढते. चार्ल्स डार्विन १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या प्राण्याचा अभ्यास करत बसला होता, आणि हे असं जवळून बघितलं की का ते कळतं.

थंड समुद्रात हा सगळा कारभार हिवाळ्यात मंदावतो. गरम पाण्यात तसं नाही, तिथे बारा महिने अळ्या सुटत असतात, आज चिकटलेलं बार्नेकल काही आठवड्यांत स्वतः अळ्या सोडायला लागतं, आणि त्याच्या जोडीला शेवाळ, कालवं, नळीतले किडे सगळेच येतात. म्हणून थंड पाण्यात ज्या अँटीफाउलिंग रंगानं, म्हणजे बुडाला जीव चिकटू नयेत म्हणून लावलेल्या रंगानं, अख्खा सीझन काढला तोच रंग इकडे लवकर हात टेकतो आणि लोक म्हणतात रंगच खराब निघाला. बऱ्याचदा रंग खराब नसतो, त्या बोटीसाठी चुकीचा असतो.

आता थोडं मागे जाऊ. १७६१ साली ब्रिटिश नौदलानं अलार्म नावाच्या युद्धनौकेच्या लाकडी बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले. पत्रे चांगले टिकले, पण जिथे तांबं लोखंडी खिळ्यांना लागत होतं तिथे खिळे गंजून खलास. मग १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीनं तांब्याची झीज थांबवायला एक युक्ती काढली, तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडायचे, म्हणजे तांब्याऐवजी ते झिजतील. युक्ती बरोबर चालली, तांबं झिजायचं थांबलं, आणि त्या न झिजणाऱ्या तांब्यावर बार्नेकल आणि शेवाळ जोरात वाढलं! शेवटी ती पद्धत सोडून द्यावी लागली.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण रंग निवडण्याचं सगळं मर्म यात आहे. तांबं नुसतं बुडावर असून भागत नाही, ते थोडं थोडं पाण्यात सुटत राहिलं पाहिजे, सुटलं तरच जीव लांब राहतात. आता पत्र्याऐवजी तांबं रंगात असतं, डब्यावर त्याचे टक्के किती लिहिलेत ते सगळे बघतात, पण ते तांबं सुटणार कसं हे कोणी विचारत नाही, आणि ते तुमची बोट किती चालते यावर ठरतं.

एक प्रकार म्हणजे झिजणारा रंग, ज्याला ॲब्लेटिव्ह म्हणतात. साबणाच्या वडीसारखा वरचा थर निघत जातो आणि खालचं ताजं तांबं उघडं पडतं. बोट हलती असेल तर हा उत्तम, बोट काही महिने वर काढून ठेवली तरी परत पाण्यात गेल्यावर काम सुरू करतो, आणि वर्षानुवर्षं जाड थर साचत नाही. यातला वरच्या दर्जाचा प्रकार सेल्फ पॉलिशिंग, त्यात झीज नुसत्या घासण्यानं होत नाही, खारं पाणी रंग धरून ठेवणाऱ्या बाइंडरशी रासायनिक क्रिया करून तो हळूहळू सोडवतं, त्यामुळे तांबं जास्त एकसारखं सुटतं. पण बोट महिनोन् महिने एकाच खाडीत नांगरावर असेल तर साधा ॲब्लेटिव्ह नीट झिजत नाही, वर शेवाळ धरतं, मग आपण ब्रश घेऊन खाली उतरतो आणि शेवाळाबरोबर रंगही घासून काढतो. पाण्यात रंगाचा ढग उठताना दिसला ना, की समजायचं पुढच्या महिन्यांचं संरक्षण चाललंय.

दुसरा हार्ड रंग. हा झिजत नाही, त्यातलं तांबं आतून झिरपत बाहेर येतं आणि रिकामा सांगाडा जागेवर राहतो. वेगानं जाणाऱ्या किंवा वरचेवर घासून साफ होणाऱ्या बोटीला हा बरा. पण जास्त दिवस पाण्याबाहेर राहिला की याचा दम जातो, आणि दरवर्षी थरावर थर चढत एक दिवस सगळं पापुद्रे धरून सुटायला लागतं, मग मुळापासून खरवडा. आणि झिजणाऱ्या रंगावर हार्ड रंग कधीच मारायचा नाही, खालचा पायाच कच्चा राहतो.

सिलिकॉनचे गुळगुळीत रंगही आहेत, त्यांच्यावर जीव बसतात पण धरून राहू शकत नाहीत, बोट पळाली की निसटतात. न पळणाऱ्या शिडाच्या बोटीला त्याचा फायदा कमीच.

ॲल्युमिनियमच्या बोटीवाल्यांनी हे मात्र ऐकाच. नेहमीच्या रंगातलं क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं संयुग, तुमच्या बुडाला लावू नका, तांबं आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तुमच्यासाठी कॉपर थायोसायनेटचे किंवा बिनतांब्याचे रंग मिळतात, आणि खाली इपॉक्सीचा अखंड थर हवाच.

सगळ्यात जालीम रंग घ्या आणि मोकळे व्हा, असं कोणी म्हणेल. तो प्रयोग जगानं करून झालाय. ट्रायब्युटिलटिन, म्हणजे टीबीटी हे कथिलाचं विषारी संयुग, ते घातलेल्या रंगाइतका प्रभावी रंग परत झाला नाही. पण फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात कालवांची कवचं वेडीवाकडी जाड व्हायला लागली, समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटले. फ्रान्सनं १९८२ मध्ये लहान बोटींना तो रंग लावायला बंदी घातली, बंदीचा आंतरराष्ट्रीय करार २००१ ला झाला आणि २००८ ला लागू झाला. त्यानंतर सायब्युट्रिन हे रंगातलं शेवाळनाशक, तेही २०२३ पासून बंद. आपण ज्या पाण्यात पोहतो, नांगर टाकतो, त्याच पाण्यात हे सगळं उतरतं, म्हणून गरजेपेक्षा जालीम रंग मागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रंग लावताना डबा तळापासून ढवळा, अगदी कंटाळा येईपर्यंत, कारण तांबं जड असतं, खाली बसतं, आणि वरवर ढवळलं तर अर्ध्या बोटीला तांबं मिळतं आणि अर्धीला नुसता रंग. पहिला हात वेगळ्या रंगाचा मारा, तो डोकावायला लागला की वरचा संपला हे लगेच कळतं. त्यावर दोन हात, आणि वॉटरलाइन म्हणजे पाण्याच्या पातळीची रेघ, सुकाण, कीलची म्हणजे बुडाखालच्या कण्याची पुढची कड इथे एक जास्तीचा, पाण्याचा मार तिथेच बसतो. बाकी धातूंऐवजी स्वतः झिजणारे झिंकचे अॅनोड मात्र कोरे ठेवा, रंगवलात तर ते कामच करणार नाहीत. जुना रंग घासायचा तर पाणी लावून, तोंडाला चांगला मास्क लावून, ती धूळ विषारी असते. कोरडा पेपर मारू नका.

आणि डब्याचा फोटो, पावती, तारीख हे सगळं जपून ठेवा. न्यूझीलंडला जाणाऱ्या बोटींचं बूड स्वच्छ आहे याचा पुरावा मागतात, गॅलापागोसमध्येही बूड तपासतात, कारण बुडाला चिकटून परके जीव येतात. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विन शहरातल्या मरिनात, म्हणजे बोटी ठेवायच्या बंदरात, असेच परके शिंपले सापडले तेव्हा ते मारायला मरिनाच्या पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतावं लागलं होतं. शिवाय पुढच्या वेळी बोट वर काढाल तेव्हा पहिला प्रश्न हाच असणार की खाली कुठला रंग आहे, आणि त्यावर काय चढेल ते त्यावरूनच ठरणार.