सत्तर मार्कांचा गेम

नमस्कार श्रोतेहो.

दहावीला साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास आणि पंचाहत्तरला विशेष योग्यता. म्हणजे सत्तर पडले तर पेढे आणायला हरकत नाही. ठाण्यात हल्ली नव्वदच्या खाली पेढे येत नाहीत, ते सोडा. व्हिडिओ गेमच्या बाबतीत जगभरच ही ठाणेकर सवय आहे. गेमला सत्तर पडले की तो ‘ठीकठाक’, आणि ठीकठाक म्हटलं की बहुतेक जण पुढे वाचतच नाहीत.

हे मार्क येतात कुठून? मेटाक्रिटिक नावाची वेबसाइट आहे. वेगवेगळ्या समीक्षकांनी दिलेले गुण गोळा करून ती त्यांची भारित सरासरी काढते, म्हणजे काही समीक्षकांच्या गुणांना जास्त वजन देऊन. गेमला 75 किंवा जास्त मिळाले तर हिरवा रंग, 50 ते 74 पिवळा, त्याखाली लाल. गंमत अशी की याच वेबसाइटवर सिनेमाला हिरवा रंग 61 पासूनच मिळतो. 65 गुणांचा सिनेमा हिरवा आणि 65 गुणांचा गेम पिवळा. गेमचे समीक्षक पहिल्यापासून सैल हाताने मार्क देत आले. दहापैकी सात म्हणजेच ‘मधला’ हे इतकं रुळलं की रंगांच्या रेषाही तशाच आखल्या गेल्या.

त्या आकड्यावर लोकांचे पैसे अडकलेले असतात, हेही ऐकून ठेवा. 2010 चा ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ 84 वर थांबला. बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला बोनस मिळणार होता 85 ला. हे कंपनीतल्याच क्रिस अॅव्हेलोन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. एका गुणाने राहिलं.

आपला प्रश्न मात्र वेगळा आहे. नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास पडतो. पिवळ्या पट्ट्यातला गेम घ्यायचा की नाही हे तो आकडा सांगत नाही, कारण त्यातून गुण नेमके कशाचे कापले ते कळत नाही. एकाचे तीस गुण पडद्यावरच्या धक्क्यांनी खाल्लेले असतात, दुसऱ्याचे तीस कंटाळ्याने. पहिला पॅचने, म्हणजे कंपनीने मागाहून पाठवलेल्या दुरुस्तीने, सुधारतो. दुसऱ्याला पॅच लागू पडत नाही.

टोकाचं उदाहरण ‘डेडली प्रिमोनिशन’चं. 2010 साली अमेरिकेतल्या आयजीएन या वेबसाइटने त्याला दहापैकी दोन दिले आणि डिस्ट्रक्टॉइड या दुसऱ्या वेबसाइटने दहापैकी दहा. गाडी चालवताना हातपाय गळतात, बंदूक रोखणं म्हणजे शिक्षा. आणि तरीही त्यातला डिटेक्टिव्ह कॉफीच्या कपात भविष्य बघत स्वतःशी बडबडतो, ते विसरता येत नाही. सगळ्यांची सरासरी निघाली सत्तरच्या जरा अलीकडे. ज्याच्यावर लोक जीव टाकतात किंवा जो बंद करून मोकळे होतात, त्या गेमचा आकडा कोणालाच धड न आवडलेल्या, नुसत्या सपक गेमइतकाच. म्हणून सरासरी बघण्याआधी गुण किती पसरलेत ते बघावं. सगळे सहा आणि सातच्या मध्ये असतील तर गेम खरंच मधला. दोन, नऊ, चार, दहा असे असतील तर प्रश्न तुमच्या आवडीचा आहे.

आता हाताला जाणवणाऱ्या गोष्टीकडे, म्हणजे कंट्रोलकडे येऊ. मधल्या गेमचे सगळ्यात जास्त गुण इथे जातात, आणि परीक्षणात सगळ्यात कमी शब्द यावरच असतात. ‘कंट्रोल जड वाटतात’ म्हणतात आणि पुढे जातात. जड म्हणजे काय?

गेम सेकंदाला 60 चित्रं दाखवत असेल तर एक चित्र, म्हणजे एक फ्रेम, साधारण 16.7 मिलीसेकंद टिकते. तलवार चालवायचं बटण दाबलं की आधी हात मागे जातो, मग घाव बसतो, मग पात्र सावरतं. चांगल्या गेममध्ये घाव बसल्याक्षणी तीन ते सहा फ्रेम दोन्ही पात्रं जागीच थिजतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण पातं कशात तरी रुतल्यासारखं हाताला कळतं. आवाजही नेमक्या त्याच फ्रेमवर येतो. मधल्या गेममध्ये हे थिजणं नसतं किंवा आवाज दोन-तीन फ्रेम उशिरा येतो. मग पातं शत्रूमधून हवेतून गेल्यासारखं जातं, समोरच्याच्या डोक्यावरचे आकडे कमी होतात आणि तुम्ही म्हणता, ‘मजा नाही आली.’ ती गेली कुठे हे सांगता येत नाही, कारण ती सेकंदाच्या दहाव्या भागात गेली.

दुसरं, बटण खाणं. पात्र सावरत असताना तुम्ही पुढचं बटण दाबलंत, तर नीट बांधलेला गेम ते काही फ्रेम लक्षात ठेवतो आणि सावरून होताच चालवतो. हे केलेलं नसेल तर दाबलेलं बटण वाया जातं आणि खेळणारा स्वतःलाच दोष देतो. उडीचंही तसंच. कड्यावरून पाय निसटल्यानंतरही सहा फ्रेमपर्यंत, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, उडी मान्य करायची असा रिवाज आहे. ही लबाडी आहे, पण खेळणाऱ्याच्या बाजूची. ती नसेल तर तुम्ही दहादा खड्ड्यात पडता आणि ‘गेम अवघड आहे’ असं परीक्षण लिहिता. तो अवघड नसतो, नीट बांधलेला नसतो.

हे सगळं गेमच्या माथी मारण्याआधी टीव्हीची सेटिंग उघडा. टीव्ही चित्र गुळगुळीत करायला स्वतःचं डोकं लावत असतो आणि त्यात शंभर मिलीसेकंद सहज जातात, म्हणजे सहा फ्रेम. ‘गेम मोड’ चालू केला की हा उशीर बराच खाली येतो. कितीतरी गेमना उगाच नावं ठेवली गेली ती या एका बंद बटणामुळे.

डोळ्याला जाणवणारे दोष त्यामानाने सोपे. ‘तीस फ्रेम स्थिर आहेत’ असं लिहिलेलं असतं तरी चित्र अडखळतं, ते का? ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर वाशीच्या गाडीची वाट बघणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. तासाला सहा गाड्या म्हणजे दर दहा मिनिटांनी एक. पण दोन लागोपाठ आल्या आणि मग वीस मिनिटं काहीच नाही, तरी सरासरी तासाला सहाच राहते. फ्रेमचंही तेच. प्रत्येक फ्रेम 33 मिलीसेकंदांनी यायला हवी. ती एकदा 16 नी आणि एकदा 50 नी आली, तर हिशेब तीसचाच लागतो, डोळा मात्र धक्के खातो. पीसीवर आणखी एक प्रकार आहे. नवा स्फोट किंवा नवी जागा पहिल्यांदा दिसताना गेम क्षणभर गोठतो, कारण ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे शेडर, तो त्याच क्षणी तयार करत असतो. हे पॅचने सुधारू शकतं. म्हणून अशा गेमचं पहिल्या आठवड्यातलं परीक्षण सहा महिन्यांनी जसंच्या तसं धरू नका.

न सुधारणारी गोष्ट म्हणजे गेमची बांधणी. 2015 चा ‘मॅड मॅक्स’ घ्या. प्लेस्टेशन 4 वर 69 गुण. बाजारात आला तोही ‘मेटल गिअर सॉलिड 5’ या गाजलेल्या गेमच्याच दिवशी, 1 सप्टेंबरला, म्हणजे नशीबही पिवळंच. त्यातली गाडी, हार्पूनने, म्हणजे दोरीच्या भाल्याने, समोरच्या गाडीचं चाक किंवा दरवाजा उपसून काढणं, अंगावर येणारं वाळूचं वादळ, हे पहिल्या दर्जाचं काम आहे. पण नकाशा भरलाय छावण्या, बुजगावणी, सुरुंग आणि भंगाराच्या ढिगांनी. घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरच्या ब्रोशरमध्ये ‘टिपिकल फ्लोअर प्लॅन’ असतो ना? एक मजला पाहिला की तीस पाहिले. तसंच इथे. विसाव्या छावणीत कळून चुकतं की तिसाव्या छावणीतही हेच आहे.

आता समीक्षकाचं वेळापत्रक बघा. चाळीस तासांचा गेम त्याला पाच-सात दिवसांत संपवून लिहायचं असतं. वीस छावण्या दोन दिवसांत फोडल्या की कोणाचंही डोकं उठेल. तुम्ही कामावरून येऊन, जेवून, रात्री पाऊण तास खेळता. रोज एक छावणी, एक वादळ, झोप. तुमच्या दृष्टीने हा गेम 69 चा नाही, बराच वरचा आहे. उलट संथ सुरुवातीचा फटका तुम्हालाच जास्त बसतो. 2019 चा ‘डेज गॉन’, गुण 71. सुरुवातीचे कितीतरी तास बाइकमध्ये पेट्रोल भरण्यात आणि निरोप्याची कामं करण्यात जातात. या गेमचा प्राण म्हणजे झुंडी, शेकडो झॉम्बी एकदम लाटेसारखे अंगावर येतात त्या. त्यांच्याशी खऱ्या अर्थाने सामना उशिरा होतो. समीक्षक तिथे तिसऱ्या दिवशी पोचतो, पाऊण तासवाला पोचायला महिना. बरेच जण पोचतच नाहीत.

‘द ऑर्डर: 1886’ याच्या नेमका उलट. 2015, गुण 63. दिसायला आजही देखणा, वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून सिनेमासारखा बेतलेला, पण सहा-सात तासांत संपतो आणि त्यातला मोठा भाग तुम्ही नुसतं बघत बसता. पूर्ण किमतीला हा अन्याय होता. सेलमध्ये, पावसाळ्यातल्या एका रविवारपुरता, काही वाईट नाही. गेम तोच, किंमत बदलली की मत बदलायला हवं. परीक्षणातला आकडा पहिल्या दिवसाच्या किमतीला चिकटून बसतो.

आपल्या जवळचं एक नाव घेतो. ‘राजी: अॅन एन्शन्ट एपिक’, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, 2020 साली आलेला. सर्कशीत काम करणारी राजी आपल्या पळवून नेलेल्या भावाला शोधते आहे. चित्रकला आणि वास्तू बघून थांबावंसं वाटतं, मंडलाची कोडी सुरेख. पण कॅमेरा लांब आणि ठरलेल्या जागी आहे, तुमच्या हातात नाही. अशा कॅमेऱ्यात पुढची भिंत किती लांब आहे ते डोळ्याला कळत नाही. उडी मारताना पात्राच्या बरोबर खाली एक ठळक गोल सावली असली तर पाय कुठे पडणार ते कळतं. ती मदत पुरेशी नसली की अंदाज चुकतो. मारामारी बंद अंगणांत, तीच तीच, आणि शेवट असा येतो की मध्यंतरालाच पडदा कायमचा पडला. ‘आपल्याकडचा आहे’ म्हणून याला ग्रेस मार्क देणारे बरेच भेटले. ग्रेस मार्कांनी बनवणाऱ्याचं नुकसान होतं. कॅमेऱ्याबद्दल स्पष्ट लिहिलं तर पुढच्या गेमचा कॅमेरा सुधारेल.

घ्यायची वेळ आली की काय करायचं? स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात चाळीस ते एकोणसत्तर टक्के लोकांना गेम आवडला तर ‘मिक्स्ड’ असा शेरा येतो. तिथे एकूण मतं आणि गेल्या तीस दिवसांतली मतं वेगळी दिसतात. जुनी वाईट आणि ताजी चांगली असतील तर पॅच लागलाय. प्रत्येक मताशेजारी त्या माणसाने किती तास खेळला तेही असतं. चाळीस तास खेळून ‘आवडला नाही’ म्हणणाऱ्याचं आधी वाचा, त्याला दोष नेमका माहीत असतो.

घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देते. हे दोन तास गेम चालू असल्याचे मोजतात, मेनूमधले आणि शेडर तयार होण्यातलेही. तेव्हा चालू ठेवून जेवायला जाऊ नका. आधी मोशन ब्लर (हलताना चित्र धूसर होणं) आणि फिल्म ग्रेन (चित्रावर मुद्दाम टाकलेले बारीक ठिपके) बंद करा, सबटायटल मोठी करा. मग पहिल्या साध्या शत्रूवर वार करता करता मधेच बाजूला उडी मारून बघा. पात्र ऐकतं का? कड्याच्या अगदी टोकावरून दहा उड्या मारा. गर्दीच्या जागी कॅमेरा गरगर फिरवा. दीड तास झाला की थांबून ठरवा, कारण गोष्ट तेवढ्यात रंगात आलेली असते आणि परत करायला हात होत नाही. प्लेस्टेशनच्या दुकानात ही सोय नाही. तिथे डाउनलोड सुरू केलंत की, गेम सदोष निघाल्याखेरीज, पैसे परत येत नाहीत.

म्हणून प्लेस्टेशनवाल्यांनी पिवळ्या पट्ट्यातले गेम डिस्कवर घ्यावेत, तेही सेकंडहँड. पटला नाही तर पुढे विकता येतो. डिजिटल एडिशनच्या मशीनला डिस्क ड्राइव्ह नसते, ते आधी बघून घ्या. डिस्क उजेडाखाली तिरकी धरा. मधल्या भोकाकडून कडेकडे जाणारी बारीक रेघ बहुधा चालून जाते. डिस्कच्या गोलाईबरोबर फिरलेली रेघ मात्र सोडून द्या, कारण माहिती त्याच दिशेने लिहिलेली असते आणि वाचताना सलग मोठा तुकडा हातचा जातो. आणि पॅच डिस्कवर नसतो, तो कित्येकदा तीस-चाळीस जीबीचा निघतो. शुक्रवारी रात्री डाउनलोडला लावून झोपा, शनिवारी सकाळी खेळा.

नमस्कार.