विममधील एका ओळीचा उलगडा

[पडद्यावर विम एडिटर, ‘कॉमेंट्स’ या पर्यायाचे मूळ मूल्य.]

ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विम या मजकूर लिहिण्याच्या एडिटरमध्ये, कोणती ओळ कॉमेंट (संगणकाने दुर्लक्ष करायची, माणसांसाठीची टीप) मानायची याचे नियम स्वल्पविरामांनी तोडलेल्या एकाच ओळीत कोंबलेले आहेत. तुकड्यात आधी एक-दोन अक्षरे असतात (काही तुकड्यांत तीही नसतात), मग अपूर्णविराम आणि त्यानंतर प्रत्यक्ष खूण. पहिल्यांदा पाहणाऱ्याला यातून काही बोध होणे कठीणच.

[सी भाषेतील कॉमेंट, मधल्या ओळींच्या आरंभी तारे.]

सी या प्रोग्रामिंग भाषेत कॉमेंट /* ने सुरू होऊन */ ने संपते; त्यांच्यामधल्या ओळींची खूण म्हणजे नुसता तारा. अडचण अशी की पॉइंटर (स्मृतीतील पत्ता धरणारे चल) वापरणारी, खरीखुरी कोडची ओळसुद्धा ‘*पीटीआर’ अशी ताऱ्यानेच सुरू होऊ शकते. म्हणून या तुकड्यात ‘बी’ हे अक्षर घातले आहे. ताऱ्यानंतर मोकळी जागा असेल तरच ती ओळ कॉमेंट समजावी, एवढेच ते सांगते. ते अनावश्यक समजून कोणी गाळले, तर तशा ओळीनंतर एंटर दाबताच पुढच्या ओळीवर आगंतुक तारा उमटण्याची शक्यता निर्माण होते. विमच्या मदतपुस्तिकेत नियमासोबत हे कारणही उदाहरण देऊन नोंदवले आहे, आणि माझ्या मते या पुस्तिकेचे खरे मोल अशाच नोंदींत आहे. # या खुणेलाही ‘बी’ जोडलेला असल्याने ‘#इन्क्लूड’ची, म्हणजे दुसरी फाइल जोडून घेणारी, ओळ कॉमेंटमध्ये जमा होत नाही.

[त्याच मूल्यातील ‘एक्सकॉम’ हा शब्द ठळक होतो.]

‘एक्सकॉम’ मात्र चक्रावून टाकतो. युनिक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमची बांधणी पूर्वी इमेक या साधनाने होत असे, आणि इमेक आपले साचे सी प्रीप्रोसेसरमधून (कोडवर आधी प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्राममधून) काढून मेकफाइल, म्हणजे बांधणीच्या सूचनांची फाइल, तयार करी. मेकफाइलमधील कॉमेंट # ने सुरू होते, पण प्रीप्रोसेसर त्याच चिन्हाला स्वतःसाठीची आज्ञा समजतो. तेव्हा साच्यात ‘एक्सकॉम’ लिहायचे आणि तयार मेकफाइलमध्ये त्याच्या जागी # आणायचा, अशी तोड काढली गेली. डिसेंबर २००५ मधील एक्स११आर७ या आवृत्तीपासून ही बांधणी ऑटोटूल्स या दुसऱ्या साधनांकडे गेली, तरी विमच्या मूल्यात तो शब्द कायम राहिला. त्या ओळीत कारण लिहायला जागाच नाही. त्यामुळे तो काढावा की ठेवावा हे ठरवणाऱ्याला आधी इमेकचे जुने साचे उघडून पाहावे लागतात.