पस्तीस सेकंदांतला गेंडा

मंडळी, मुलांना रोआल्ड डाल मोठ्यानं वाचून दाखवायचा कसा, त्याबद्दल थोडं. या इंग्रजी बालकथाकाराचं 'जेम्स अँड द जायंट पीच' 1961 मध्ये आलं. चार वर्षांच्या जेम्सचे आईवडील लंडनला खरेदीला जातात आणि प्राणिसंग्रहालयातून सुटलेला गेंडा भरदिवसा, गर्दीच्या रस्त्यात त्यांना खाऊन टाकतो. अवघ्या 35 सेकंदांत. 'क्षणार्धात' म्हटलं असतं तर मुलं हळहळली असती. 35 म्हटल्यावर जणू कुणी घड्याळ घेऊन शेजारी उभं होतं, आणि त्या आकड्यावर ती हसतात. शिवाय गेंडा गवत खातो, हे त्यांना आपल्याआधी आठवतं.

प्रसंग भयंकर आणि सांगण्याचा सूर हिशेबाच्या वहीसारखा, ही डालची रीत. 'मटिल्डा' (1988) मधली शाळेतली शिक्षेची कोठडी घ्या. तिचा तळ 10 इंच चौरस, भिंतींतून काचा आलेल्या, दाराला खिळे. 10 इंचच का? कारण एवढ्या जागेत उभं राहता येतं, बसता येत नाही. वर्गात वाचताना पट्टीनं फरशीवर 25 सेंटिमीटरचा चौकोन खडूनं आखा आणि मुलांना पाळीपाळीनं त्यात उभं राहू द्या. वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 'द ट्विट्स' (1980) मध्ये नवरा रोज रात्री बायकोच्या काठीला आणि खुर्चीच्या पायांना लाकडाची चकती चिकटवतो, पेनीच्या नाण्यापेक्षा जाड नाही एवढी. काठी, खुर्ची इतक्या हळू वाढतात की बाईला वाटतं, आपणच आखूड होतोय. चकती जाड घेतली असती तर दुसऱ्याच दिवशी डाव फुटला असता.

वाचताना बिघडतं ते इथंच. आपण राक्षसाचा आवाज काढतो, डोळे मोठे करतो. मग मुलं गोष्टीऐवजी आपल्याकडे बघतात आणि लहानगी खरोखर घाबरतात. आवाज सपाट ठेवा. आकडा आला की त्याच्या आधी किंचित थांबा, नंतर नको. एका बैठकीत 15 मिनिटं पुरेत. आणि क्रूर वाक्य गाळू नका. तापल्या तव्यावर बसून भाजलेला काऊ आपल्याकडच्या कितीतरी घरांत सांगितला जातो, आणि त्यानं कुणाचं पोर बिघडलेलं नाही.

मराठीत आणताना सगळ्यात जास्त कस लागतो तो शब्दांचा. 'द बीएफजी' (1982), म्हणजे 'बिग फ्रेंडली जायंट', यात राक्षस एक ओंगळ भाजी खातो, स्नॉझकंबर. त्या नावात अर्धी काकडी (कुकंबर) आहे आणि अर्धं नाक (स्नॉझ). म्हणून 'शेंबकाकडी' चालेल. घडवलेल्या शब्दाचा एक तुकडा ओळखीचा राहिलाच पाहिजे, नाहीतर नुसता गोंगाट होतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं घरी काकडी आणि बाजारात सौतेकाई ऐकतात. दोन भाषांच्या सांध्यावर वाढलेल्या मुलांना असे शब्द घडवायला सांगा, फार छान घडवतात. आणि मटिल्डा तोंडी सांगताना ती आपल्या सीमाभागातल्या मुलींसारखी 'मी आलो', 'मी जातो' म्हणाली तर म्हणू द्या. पुस्तकी 'आले' तिच्या तोंडी घातलं की ती पाहुणी वाटते. 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी'त चॉकलेटच्या जागी बेळगावचा कुंदा मात्र आणू नका. शाळेत असताना डालनं चॉकलेट कंपनीचे नमुने चाखून शेरे लिहिले होते. कारखान्याची गोष्ट तिथून आली, ती तिच्याच मुलखात राहू द्या.

2023 मध्ये इंग्लंडच्या प्रकाशकानं 'लठ्ठ'सारखे शब्द बदलून नव्या आवृत्त्या काढल्या. ओरड झाल्यावर जुना मजकूरही ठेवू, असं जाहीर केलं. मला तो जुनाच हवा. लेखकाचे दोष मात्र झाकायचं कारण नाही. 1983 च्या एका मुलाखतीत डाल ज्यूंबद्दल द्वेषानं बोलला आणि 2020 मध्ये कुटुंबानं त्याबद्दल माफी मागितली. शिक्षकाला हे माहीत असावं.

या माणसानं मरण लांबून पाहिलेलं नव्हतं. 1962 मध्ये गोवरातून मेंदूला सूज येऊन त्याची सात वर्षांची मुलगी ऑलिव्हिया गेली. 'द बीएफजी' तिलाच अर्पण केलंय. म्हणून 'द विचेस' (1983) चा शेवट जपून वाचा. चेटकिणींनी उंदीर केलेला मुलगा पुन्हा माणूस होत नाही. आजी सांगते, तू आणखी नऊएक वर्षं जगशील. ती स्वतः 86 वर्षांची. मुलाला आनंद होतो, कारण आजीच्या मागं त्याला राहायचंच नाही. 1990 च्या चित्रपटात मुलगा पुन्हा माणूस झाला, ते डालला मुळीच आवडलं नाही. ते पान वाचून झालं की लगेच प्रश्न विचारू नका. मुलं आधी वयांची बेरीज करतात, तेवढा वेळ त्यांना द्या.