सुरुंग, चावीवाले आणि अण्णाकाका

नमस्कार श्रोतेहो. आज माझ्या थोरल्या काकांविषयी बोलणार आहे. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, आपणही तेवढंच म्हणू. गेल्या महिन्यात, वयाच्या 86व्या वर्षी अण्णा गेले. मुंबईत पाणी कुठून येतं आणि कुठे मुरतं, हे त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं आमच्या अख्ख्या खानदानात कुणालाच नव्हतं.

शिक्षण माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये, स्थापत्य अभियांत्रिकी. 1962 साली पदवी हातात पडली आणि त्याच हिवाळ्यात चीनचं युद्ध झालं. सैन्याला अभियंते हवे होते. अण्णांनी इमर्जन्सी कमिशन, म्हणजे आणीबाणीपुरतं अधिकारीपद घेतलं आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या अभियंता दलात दाखल झाले. तिथे गेल्या गेल्या कानावर पडायची ती राम राघोबा राणे यांची कथा. एप्रिल 1948मध्ये नौशेरा ते राजौरी या वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे काढत, जखमी असूनही, त्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला आणि परमवीरचक्र मिळवलं. अण्णा म्हणायचे, "रस्ता केल्याबद्दल परमवीरचक्र! आम्हा इंजिनिअर लोकांची कॉलर तेव्हापासून ताठ आहे."

1965च्या लढाईत ते पंजाबच्या सीमेवर होते. लढाईच्या गोष्टी ऐकायला आम्ही पोरं टपलेली असायचो, पण अण्णा गोष्ट सुरू करायचे ती युद्धबंदीच्या पुढे. 23 सप्टेंबरला तोफा थांबल्या, वर्तमानपत्रांत मथळे आले, आणि सॅपर्सचं काम तिथून लांबलं. आपणच पेरलेले सुरुंग आता आपणच काढायचे होते. किती लावले, कुठे लावले याचा नकाशा असतो, पण पाऊस पडला की माती हलते आणि मातीबरोबर हलका सुरुंगही सरकतो. पोटावर पडून, सळई तिरकी खुपसत, बोटाबोटाने पुढे जायचं. संध्याकाळी निघालेले सुरुंग मोजायचे. आकडा जुळला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच जमीन. बांधाच्या पलीकडे शेतकरी रोज येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "साहेब, नांगर कधी घालू?" लढाईतलं अण्णांना सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर तो प्रश्न. समर सेवा स्टार आणि रक्षा पदक कपाटात होतं. ते कधी भिंतीवर लागलं नाही.

1968मध्ये सैन्यातून मोकळे झाले आणि पालिकेच्या पाणीखात्यात लागले. विहार तलाव 1860चा, तुळशी 1879चा, तानसा 1892चा, मोडकसागर 1957चं, ही उजळणी आम्हाला पाढ्यांसारखी पाठ. तानसाचं पाणी शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर उताराने येतं, पंप लागत नाही, याचं त्यांना कोण कौतुक! उलट भातसा धरणाचं पाणी पिसे इथे पंपाने उचलावं लागतं, म्हणजे तिथली वीज गेली की इथे नळ कोरडे. "धरण बांधलं की फोटो निघतात. गळती थांबवली की कुणाला कळतसुद्धा नाही," असं म्हणायचे, आणि त्यात तक्रारीचा सूर नसायचा.

त्यांचे खरे गुरू म्हणजे खात्यातले चावीवाले, जलवाहिन्यांचे व्हॉल्व्ह उघडणारे आणि बंद करणारे कामगार. कुठल्या गल्लीत, डांबराच्या किती थरांखाली व्हॉल्व्ह गाडला गेलाय, हे नकाशात नसे, चावीवाल्याच्या डोक्यात असे. अण्णा रात्री त्यांच्याबरोबर फिरायचे. वाहतूक थांबली की लोखंडी कांब जमिनीला टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि खालच्या पाण्याचा आवाज ऐकायचा. गळती असेल तिथे आवाज बदलतो. मी एकदा म्हटलं, अण्णा, हे सुरुंग शोधण्यासारखंच की! ते म्हणाले, "छे. तिथे चुकलं तर आपण जातो. इथे चुकलं तर सकाळी गिरगाव आपल्याला शिव्या घालतं."

आम्ही तेव्हा गिरगावातच चाळीत राहायचो, आणि पाणी पहाटे चारला यायचं. पाणीखात्याचा साहेब चाळीत असून पाणी चारला! शेजाऱ्यांनी टोमणे मारले, आजीने विनवलं. अण्णांनी वेळ हलवली नाही. आमची वेळ सोयीची करायची तर दुसऱ्या कुणाची तरी गैरसोयीची होणार, एवढंच उत्तर. पहाटे चारला उठून हंडे भरायच्या काकू, हे मात्र इथे सांगायलाच हवं. तत्त्व अण्णांचं, झोप काकूंची. कुटुंबवत्सल माणूस म्हणून त्यांचं कौतुक होतं तेव्हा मला ते हंडे आठवतात. रात्री फोन आला की हे निघाले. मुलांचं दुखणंखुपणं, शाळा, पाहुणेरावळे, सगळं काकूंनी ओढलं. निवृत्तीनंतर अण्णांनी भरपाई केली म्हणा, नातवंडांना त्यांनीच वाढवलं. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत किती लिटर पाणी मावतं, हे काढता आल्याशिवाय कुल्फी मिळायची नाही.

26 जुलै 2005चा पाऊस आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर. तेव्हा अण्णा मुलाकडे कुर्ल्याला होते. पुराचं पाणी तळाच्या टाकीत शिरलेलं, आणि वीज आल्याबरोबर लोक पंप लावायला धावले. पासष्टीचे अण्णा पंपाच्या खोलीच्या दारात उभे राहिले. हे पाणी वर चढवलंत तर गच्चीवरची टाकीही घाण होईल, मग दोन टाक्या धुवाव्या लागतील. खालची टाकी उपसून, घासून, ब्लीचिंग पावडर टाकून धुतल्याशिवाय त्यांनी कुणाला बटणाला हात लावू दिला नाही. त्या दिवशीही शिव्या मिळाल्या.

शोकसभेत पुष्कळ जण बोलले. सैन्यातले सोबती, खात्यातले ज्युनिअर, एक म्हातारे चावीवालेही. शेवटी काकूंना बोलायचा आग्रह झाला. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "साऱ्या मुंबईची गळती बघितली त्यांनी. आमच्या मोरीतला नळ सहा वर्षं ठिबकतोय." सभा हसली. दुसऱ्या दिवशी त्यांचा एक जुना ज्युनिअर, आता तोही निवृत्त झालेला, पाना आणि वायसर घेऊन दारात हजर झाला. काकूंनी त्याला आधी चहा दिला.