नाईस म्हणजे अडाणी

नमस्कार श्रोतेहो. आजचा शब्द 'नाईस'. इंग्रजी विशेषण, अर्थ छान. आणि मूळ? लॅटिन 'नेस्कियस'. 'ने' म्हणजे नाही, 'स्किरे' म्हणजे जाणणं. ज्याला काही कळत नाही, तो नेस्कियस. पुन्हा सांगते, नाईस म्हणजे मुळात अडाणी. १३००च्या सुमारास हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तोही बावळट याच अर्थानं. पुढे त्याचा झाला चोखंदळ, मग काटेकोर, आणि अठराव्या शतकात छान.

आम्ही सोलमध्ये राहत होतो तेव्हा शेजारची एक मुलगी माझ्याकडे इंग्रजी बोलायला यायची. मला 'ऑन्नी' म्हणायची, म्हणजे ताई. तिला सगळंच 'ना-इ-सु'. शेवटी नुसता 'स' कोरियन जिभेवर थांबत नाही, मागे बारीकसा स्वर लागतोच. हवा ना-इ-सु, पडदे ना-इ-सु, माझी पुरणपोळीही ना-इ-सु. आपल्याकडे तरी काय, कुणाचाही फोटो आला की 'नाईस' लिहून लोक मोकळे. न बघता लिहितात, असा माझा दाट संशय आहे. असो.

एकदा वैतागून मी तिला नाईसचं मूळ सांगितलं. वाटलं, हसेल. तिनं पर्समधून १०,००० वॉनची हिरवी नोट काढून टेबलावर ठेवली. नोटेवर राजा सेजोंग. त्यानं १४४६ मध्ये कोरियन लिपी जाहीर केली. तिच्या प्रस्तावनेत प्रजेला म्हटलंय 'ऑरिन'. आज ऑरिन म्हणजे वयानं लहान.

"शाळेत मला वाटायचं, राजानं लिपी फक्त लहान मुलांसाठी केली!" ती म्हणाली.

पण त्या काळी ऑरिन म्हणजे अडाणी. ऐकलंत ना? अडाणी! थोडं पुढे राजा लिहितो, मला त्यांची कीव आली. तो कीवेचा शब्द आज 'सुंदर' होऊन बसलाय.

मग मीही आपला 'मुग्ध' काढला. संस्कृतात मुग्ध आणि मूढ सख्खी भावंडं, धातू एकच, 'मुह्'. मुग्ध म्हणजे भांबावलेला, अजाण. आणि आपण हौसेनं मुलीचं नाव मुग्धा ठेवतो. ती टाळ्या पिटत हसली.

पुढच्या वेळी पुरणपोळी वाढली. घास घेऊन ती 'ना-इ'पर्यंत आली आणि थांबली. जरा वेळ चावत राहिली.

"सॉफ्ट, ऑन्नी," म्हणाली. "बट टू मच तूप."