तुकाराम, म्हशीसकट

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा आला की आमच्यासारख्या चित्रपटांच्या डिस्क जमवणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते तशीच ती डिस्कवरही धरते. म्हणून आधी कामाचं सांगतो, गप्पा मग. डिस्क पुसायची ती मऊ सुती कपड्याने आणि मधून कडेला. गोल फिरवून नाही. डिस्कवरचा मजकूर गोल गोल लिहिलेला असतो. त्याच दिशेने ओरखडा गेला तर सलग तुकडाच जातो. आडवा गेला तर यंत्र बहुतेक वेळा सांभाळून घेतं. मधून कडेला. हे आज मी पुन्हा सांगणार आहे, कारण मला ते उशिरा कळलं.

फोंड्याला आम्ही पाचसहा जण महिन्यातून एकदा जमतो. चहा, भजी आणि एकच विषय: जुन्यापैकी कुठला चित्रपट डिस्कवर येतोय आणि कुठला यायला हवा. अमेरिकेतली क्रायटेरियन कंपनी दर महिन्याच्या मध्याला, तीन महिन्यांनंतर काय काढणार ते जाहीर करते. आमच्यातले एक निवृत्त मास्तर त्या यादीची वाट दहावीच्या निकालासारखी बघतात. आता तिकडची ब्लू-रे मागवली, तर ती इथल्या साध्या यंत्रावर बहुधा चालत नाही. ब्लू-रेसाठी जग विभागांत वाटलंय: अमेरिका 'ए' विभागात, आपण 'सी'त. सगळे विभाग चालवणारं यंत्र मिळतं, पण ते घरी आणलं की आठवडाभर जेवण मुकाट्याने वाढलं जातं.

तरी मागवतो. सत्यजित राय यांच्या अपूच्या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळल्या होत्या. इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्या हातांनी सोडवल्या, सांधल्या, जेवढं वाचलं तेवढं वापरलं, आणि २०१५ साली डिस्क आल्या. करायचं म्हटलं तर होतं, एवढंच मला सांगायचंय.

आपल्याकडची यादी मोठी आहे. मडगावचे आमचे एक मित्र 'निर्मोण'साठी अडून बसलेत. फ्रँक फर्नांड यांचा १९६६चा कोंकणी चित्रपट. त्याची स्वच्छ, धुतल्यासारखी डिस्क हवी. माझं घोडं प्रभात कंपनीच्या जुन्या चित्रपटांपाशी अडतं. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, म्हणजे बंदुकीच्या दारूची सख्खी बहीण. पुण्याला जानेवारी २००३मध्ये आग लागली आणि अशा किती रिळांची राख झाली. जे उरलंय ते तरी नीट यावं.

आणि नीट म्हणजे चौकोनी! जुनं चित्र जवळजवळ चौकोनी असतं. आजच्या लांबट टीव्हीत ते भरावं म्हणून वरून खालून कापतात. पगडी गेली, पाय गेले, मधे नुसतं धड. कडेला काळ्या पट्ट्या दिसल्या की लोक म्हणतात, टीव्ही बिघडला. बिघडला नाही हो, तेच बरोबर आहे! लग्नाच्या अल्बममध्येही हल्ली हेच करतात, भटजींचं डोकं कधी दिसत नाही. असो.

तर 'संत तुकाराम'. १९३६, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस. व्हेनिसला गाजलेला चित्रपट. त्याची व्हीसीडी मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळाली. दोन डिस्क, आणि कव्हरवर फोटो ज्ञानेश्वरांचा. चवथीच्या दुसऱ्या रात्री आरत्या झाल्यावर ओसरीवर टीव्ही मांडला. घरची सोळासतरा माणसं आणि पुढच्या खुर्चीवर आमची आते. तिने तो लहानपणी सावंतवाडीला पाहिलेला. 'आधी बीज एकले' लागलं तेव्हा ती डोळे मिटून गात होती. ते पद तुकोबांचं नाही, चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलंय. हे तिला सांगायची माझी आजवर छाती झाली नाही.

शेवट आला. गरुडाचं विमान आलं, तुकोबा बसले, विमान उठलं, आणि अडकलं. चित्राचे चौकोन चौकोन झाले, वैकुंठ अर्ध्यावर राहिलं. मी डिस्क काढली आणि सोवळ्याच्या काठाने पुसली. गोल गोल. घसघसून. मग तर ती यंत्राने ओळखायचंही सोडलं.

"आनीक आसा रे!" आते म्हणाली. अजून आहे. आणि तिने पुढचं सांगितलं. विमान जातं. जिजाई घरी परत येते. तुकोबांच्या चिपळ्या उंबऱ्यावर पडलेल्या असतात, त्या उचलून खुंटीला लावते. चरवी घेऊन म्हशीकडे जाते, तर म्हैस पान्हा सोडत नाही. जिजाई तिच्या कासेशी बसून म्हणते, "तुझा धनी गेला, माझा गेला नाही काय गे?" मग चरवीत धार वाजते.

ओसरीवर कोणी हललं नाही. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. काका म्हणाले, "काय काम केलंय बाईने!" चित्र तर केव्हाच बंद झालं होतं.

त्यानंतर कित्येक वर्षं मी तो प्रसंग शोधला. प्रत्येक दुकानात विचारायचो, पूर्ण आहे काय, म्हशीचा प्रसंग असलेला? म्हापशाचा दुकानदार मला लांबूनच हाक मारायचा, "या म्हशीवाले!" आमच्या फोंड्याच्या यादीत मास्तरांनी पहिल्या नंबरावर लिहिलं: तुकाराम, म्हशीसकट. मी तर छातीठोक सांगायचो की ते रीळ आगीत गेलं असणार. दोन जणांनी ते आणखी चौघांना सांगितलं.

शेवटी पुण्याच्या मित्राने चांगली डीव्हीडी पाठवली. एकट्याने पाहिली, शेवट तीनदा पाहिला. विमान जातं आणि चित्रपट संपतो. चिपळ्या नाहीत, चरवी नाही.

आतेला बोलावलं. तोवर तिने ऐंशी ओलांडली होती. डिस्क पुसली, मधून कडेला, आणि लावली. ती शेवटपर्यंत ताठ बसून होती. पडदा काळा झाला.

म्हटलं, "आते, संपला. पुढे काही नाही."

तिने चष्मा काढून डबीत ठेवला.

"म्हणजे ह्यांनीसुद्धा कापला," ती म्हणाली. "तू शोध."

नमस्कार.